किल्ली कुणाच्या खिशात? एकट्या माणसांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या कपाटातून एक जुनी सीडी निघाली. २००४ साली दोन पोरांनी तीन महिने रात्री बसून त्या सीडीवरचा मजकूर टाइप केला होता. अर्धा मजकूर म्हणजे पुस्तकांची यादी. उरलेला अर्धा म्हणजे वस्तीतल्या चार आजींनी सांगितलेल्या आठवणी: गाव का सोडले, पाणी कुठून आणले, पहिली झोपडी कशी उभी राहिली. सीडी चालली. फाइल उघडली. पण पडद्यावर मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे, सगळा चिवडा. ज्या प्रोग्राममध्ये हे टाइप झाले होते त्याचा फॉन्ट आता कुणाकडे नव्हता. तो प्रोग्राम डोंगल लावल्याशिवाय सुरू होत नसे, आणि डोंगल कधीच हरवले होते. त्या चार आजींपैकी आज एकही हयात नाही.

आठवणी आजींच्या, मेहनत पोरांची, संगणक वर्गणीतून घेतलेला. मग अक्षरे कुणाच्या मालकीची होती?

मित्रांनो, हा प्रश्न आपण विचारत नाही. पुस्तक कुणी छापले, पेपर कुणाच्या मालकीचा, चॅनेल कुणाच्या पैशावर चालते, हे आपण बरोबर विचारतो. पण आपण ज्यात लिहितो, हिशेब ठेवतो, सभासदांची यादी करतो, फोटो साठवतो, ते सॉफ्टवेअर कुणाचे? ते उद्या बंद झाले तर आपल्या हातात काय उरेल? आपण लेखणीची चिकित्सा करतो आणि लेखणी ज्याच्या खिशात आहे त्याला विसरतो.

या लेखात मला एक इतिहास सांगायचा आहे. तो मोठ्या कंपन्यांचा इतिहास नाही, तो तुम्ही वाचलेला आहे. हा इतिहास अशा माणसांचा आहे ज्यांनी घरी बसून, बहुधा नोकरी सांभाळून, एकट्याने प्रोग्राम लिहिले. ते प्रोग्राम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालले, इंटरनेट नसताना चालले, आणि काही तर लिहिणारा मेल्यानंतरही चालू राहिले. या इतिहासातून मी तीन कसोट्या काढणार आहे. फाइल कुठे राहते? ती फाइल दुसरा प्रोग्राम वाचू शकतो का? आणि लिहिणाऱ्याने किंवा कंपनीने हात काढून घेतला तर काम चालू राहते का?

१९८२: तीन माणसे आणि एक फ्लॉपी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. यंत्र महाग, प्रोग्रामही महाग. एकेक प्रोग्राम शेकडो डॉलरला विकला जाई आणि नक्कल करता येऊ नये म्हणून फ्लॉपीला कुलूप घातलेले असे.

कॅलिफोर्नियात अँड्र्यू फ्लुगेलमन नावाचा माणूस होता. शिक्षणाने वकील, व्यवसायाने पुस्तकांचा. एका पुस्तकावर काम करताना सहलेखिकेला फोनच्या तारेवरून मजकूर पाठवायचा होता आणि दोघांचे संगणक वेगवेगळे होते. म्हणून त्याने स्वतःच पीसी-टॉक नावाचा प्रोग्राम लिहिला. १९८२ मध्ये त्याने तो लोकांना वाटायला सुरुवात केली. कुलूप नाही. उलट प्रोग्राममध्येच संदेश: याच्या प्रती काढा, दुसऱ्याला द्या, आणि उपयोग झाला तर २५ डॉलर पाठवा. या पद्धतीला त्याने ‘फ्रीवेअर’ असे नाव दिले.

त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यात जिम नॉफ नावाचा आयबीएमचा नोकरदार स्वतःसाठी एक छोटा डेटाबेस लिहून बसला होता. गरज किती साधी! स्थानिक चर्चच्या सभासदांना पत्रे पाठवण्यासाठी पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या होत्या. सहकाऱ्यांनी प्रती मागितल्या, त्यांच्याकडून आणखी लोकांनी मागितल्या. सुधारलेली आवृत्ती प्रत्येकाला पाठवायचा खर्च परवडेना, तेव्हा त्यानेही प्रोग्राममध्ये संदेश टाकला: जमले तर दहा डॉलर द्या. दोघांचे प्रोग्राम एकाच वापरणाऱ्याच्या हातात पडले आणि त्यातून नॉफ आणि फ्लुगेलमन यांची ओळख झाली. दोघांनी एकमेकांच्या प्रोग्रामची शिफारस करायचे ठरवले, नॉफने आपल्या प्रोग्रामचे नाव पीसी-फाइल केले आणि किंमतही २५ डॉलरवर आणली. १९८४ मध्ये त्याने आयबीएमची नोकरी सोडली, कारण पत्रपेटीतून येणारे पैसे पगाराच्या कितीतरी पुढे गेले होते.

तिसरा बॉब वॉलेस. मायक्रोसॉफ्टचा नववा कर्मचारी. १९८३ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला, पीसी-राइट हा लिहिण्याचा प्रोग्राम त्याने बांधला आणि ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ केला. त्याने आणखी एक गोष्ट केली. तुम्ही ७५ डॉलर भरून नोंदणी केली की तुमच्या प्रतीला तुमचा क्रमांक मिळे. ती प्रत तुम्ही पुढे वाटली आणि कुणी त्यावरून नोंदणी केली, तर तुम्हाला २५ डॉलर परत. प्रत काढणारा माणूस चोर राहिला नाही, भागीदार झाला.

इथे थांबून विचार करा. त्या काळी प्रस्थापितांचे म्हणणे होते की माणूस बेईमान आहे, म्हणून कुलूप पाहिजे. या तिघांनी उलट गृहीत धरले. वापरणारा प्रामाणिक असू शकतो, त्याला अडवू नका. सगळ्यांनी पैसे दिले नाहीत, हे उघड आहे. पण काहींनी दिले आणि तेवढ्यावर घरे चालली. दहा टक्के बेईमानी थांबवण्यासाठी नव्वद टक्क्यांना बेड्या घालायच्या की नाही, हा प्रश्न संगणकापुरता मर्यादित नाही, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

माणूस मरतो, फाइल मरू नये

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही भक्ती होईल.

जुलै १९८५ मध्ये फ्लुगेलमन बेपत्ता झाला. त्याची गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाजवळ सापडली, तो सापडला नाही. पीसी-टॉक तिथेच संपला म्हणायला हरकत नाही. एकट्या माणसावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर जाऊ शकते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

पण याच्या शेजारी फिल कॅट्झला ठेवून बघा. हा अमेरिकेतल्या मिलवॉकीचा प्रोग्रामर. फाइल दाबून छोट्या करण्याचे प्रोग्राम लिहीत असे. १९८८ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने त्याला कोर्टात खेचले, त्याला जुना प्रोग्राम सोडावा लागला. मग त्याने नवी रचना बांधली आणि १९८९ मध्ये पीकेझिप आणला. रचनेचे नाव झिप. आणि त्याने त्या रचनेचा संपूर्ण तपशील एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून सगळ्यांसाठी उघडा केला. ज्याला हवे त्याने झिप वाचणारा, झिप लिहिणारा प्रोग्राम बनवावा.

कॅट्झचे आयुष्य सुखाचे झाले नाही. दारूने पोखरलेला हा माणूस एप्रिल २००० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी गेला. त्याचा प्रोग्राम आज किती लोक वापरतात? फार थोडे. पण तुम्ही काल वर्डमध्ये टाइप केलेली डॉक्एक्स फाइल आतून झिप आहे. तुमच्या मोबाइलमधल्या अॅपचे एपीके पॅकेज आतून झिप आहे. ई-पुस्तकाची ईपब फाइल आतून झिप आहे. माणूस गेला, रचना राहिली, कारण किल्ली त्याने कुलपातच ठेवून दिली होती.

दोन्ही उदाहरणांत माणूस एकटाच होता. फरक पडला तो फाइलच्या रचनेमुळे. म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा: प्रोग्राम कोण लिहितो यापेक्षा फाइल कोण वाचू शकतो हे महत्त्वाचे. आमच्या वाचनालयाची सीडी याच ठिकाणी मेली.

तिसरे उदाहरण ब्राम मूलेनार. नेदरलँड्सचा. १९८८ मध्ये त्याने अमिगा नावाच्या घरगुती संगणकासाठी मजकूर लिहिण्याचा एक प्रोग्राम सुधारायला घेतला आणि १९९१ मध्ये विम या नावाने लोकांसमोर ठेवला. हा माणूस पुढे युगांडातल्या किबाले इथे जाऊन जवळपास वर्षभर काम करून आला. तिथे एड्सने आईबाप गेलेल्या मुलांचे प्रश्न त्याने डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर त्याने विमच्या पहिल्याच पडद्यावर विनंती लिहिली: हा प्रोग्राम फुकट आहे, द्यायचेच असेल तर युगांडातल्या मुलांसाठी द्या. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या प्रोग्रामरना संगणक उघडला की ही ओळ दिसत राहिली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मूलेनार गेला. कोड उघडा होता, सोबत काम करणारे होते, त्यांनी जबाबदारी उचलली आणि जानेवारी २०२४ मध्ये पुढची आवृत्ती त्याच्या स्मृतीला अर्पण करून बाहेर आली. एकट्याने सुरू करणे वेगळे आणि एकट्यापुरते ठेवणे वेगळे. हा दुसरा निष्कर्ष.

युद्धनौकेवरचा धडा

आता इसवी सन २००० मध्ये या. रिचर्ड हिप नावाचा अमेरिकन प्रोग्रामर यूएसएस ऑस्कर ऑस्टिन या युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. नौकेवर बिघाड झाला तर कोणती झडप बंद करायची, कोणती उघडायची, हे सांगणारा प्रोग्राम. त्याची माहिती एका वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर असे. सर्व्हर बंद पडला की प्रोग्राम म्हणे, जोडणी होत नाही. म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हाच हात वर! हिपने विचार केला, माहिती वाचण्यासाठी मध्ये सर्व्हर हवाच कशाला? सरळ डिस्कवरची फाइल वाचली तर?

त्यातून एसक्यूलाइट जन्मला. संपूर्ण डेटाबेस म्हणजे एकच फाइल. ती पेनड्राइव्हवर टाका, दुसऱ्या यंत्रावर न्या, उघडा. इंजिन इतके छोटे की जुन्या संगणकालाही जड जात नाही. आणि मालकी? हिपने कोड सार्वजनिक मालकीचा जाहीर केला. परवाना नाही, फी नाही, परवानगी मागायची नाही. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आणि मोठ्या ब्राउझरांमध्ये एसक्यूलाइट आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दीर्घकाळ माहिती जपण्यासाठी शिफारस केलेल्या रचनांत त्याचा समावेश आहे. २०५० पर्यंत आपण हे सांभाळू, असे त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेले आहे. आजही हे काम मूठभर माणसे करतात.

एखाद्या वस्तीतल्या, तालुक्यातल्या तरुणाने एकट्याने सभासद-नोंदणीचा किंवा वाचनालयाचा प्रोग्राम लिहायचे ठरवले, तर त्याला आज सर्व्हर भाड्याने घ्यावा लागत नाही तो यामुळे.

लिपीचे कुलूप

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण इथे जखम आपली आहे.

१९९० च्या दशकात मराठीत संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आठवेल. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेले फॉन्ट असत. संगणकाला मराठी कळत नसे. तो मनात इंग्रजी चिन्हेच साठवत असे आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवत असे. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडे. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी मानक १९९१ मध्ये आले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण छपाईचा धंदा वर्षानुवर्षे कुलूपबंद फॉन्टवरच चालला. त्या काळातली किती पत्रके, किती स्मरणिका, किती अंक असे चिवडा होऊन पडले असतील, याचा विचार करा. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मजकूर पुन्हा टाइप करून घेतला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचा इतिहास गेला.

या कुलपावर पहिले घाव एकेकट्या माणसांनी घातले. १९९८ मध्ये शेषाद्रिवासू चंद्रशेखरन या अभियंत्याने कन्नड लिहिण्यासाठी बरह नावाचा प्रोग्राम आणला. कन्नडमध्ये ‘बरह’ म्हणजे लेखन. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करा, पडद्यावर कन्नड उमटेल. पुढे त्यात मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या आणि इंटरनेटवर मराठी लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी, विशेषतः परदेशातल्या मराठी माणसांनी, याच प्रोग्रामवर बोटे वळवली.

आणि सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट घडली बांगलादेशात. मेहदी हसन खान हा मैमनसिंगच्या मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी. फेब्रुवारी २००३ च्या ढाक्यातल्या पुस्तक मेळ्यात त्याने बांगला भाषेत चालणारी लिनक्स पाहिली आणि विंडोजवर असे युनिकोड बांगला का लिहिता येत नाही, या प्रश्नाने त्याला पछाडले. २६ मार्च २००३ रोजी, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने ‘अभ्र’ हा कीबोर्ड लोकांना फुकट दिला. पहिला नमुना डॉटनेटवर होता. तसा प्रोग्राम चालवायला त्या काळी वेगळे मोठे पॅकेज उतरवून घ्यावे लागे. मेहदीने तो जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये पुन्हा लिहिला. त्याचे ब्रीदवाक्य होते, भाषा मुक्त होवो. पुढे बांगलादेशच्या निवडणूक आयोगाने मतदार ओळखपत्रांच्या कामात अभ्र वापरला.

इथे लढाईही झाली. बांगलात आधीपासून ‘बिजॉय’ नावाचा विकत मिळणारा प्रोग्राम होता. तो मुस्तफा जब्बार यांनी १६ डिसेंबर १९८८ ला आणला होता आणि बांगला छपाई संगणकावर नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण २०१० मध्ये त्यांनी अभ्रवर चोरीचा आरोप केला. मुद्दा काय, तर अभ्रमध्ये असलेली एक अक्षरमांडणी बिजॉयच्या मांडणीशी जुळते. प्रकरण कॉपीराइट कार्यालयापर्यंत गेले. जून २०१० मध्ये तडजोड झाली आणि अभ्रने ती मांडणी काढून टाकली. त्याच वर्षी अभ्रचा कोड उघडा करण्यात आला. आपल्याच भाषेची अक्षरे कोणत्या कळीवर बसवायची, यावर मालकी सांगता येते का? हा प्रश्न तिथे लाखो तरुणांनी विचारला. २०२५ मध्ये मेहदीला एकुशे पदक जाहीर झाले. ते त्याने एकट्याने घेतले नाही, रिफात नबी, तनबिन इस्लाम सियाम आणि शाबाब मुस्तफा या साथीदारांसह घेतले.

विकत घेतलेले घर, भाड्याने दिलेला माणूस

मग चित्र पालटले. इंटरनेट वेगवान झाले आणि कंपन्यांना नवी वाट सापडली. प्रोग्राम तुमच्या यंत्रावर ठेवायचाच कशाला? तो आमच्या यंत्रावर ठेवू, तुमची फाइलही आमच्याकडेच ठेवू, तुम्ही फक्त खिडकीतून बघा. २००६ मध्ये गुगल डॉक्स आले. सोयीचे होते, खरोखर सोयीचे. चार माणसे चार गावांतून एकच पत्रक लिहू शकली. ही सोय मी नाकारत नाही. पण सोयीची किंमत कुणी वाचली?

जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने काही वाचकांच्या किंडलमधून ऑर्वेलचे ‘१९८४’ हे पुस्तक परस्पर पुसून टाकले. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण विकलेले पुस्तक घरात शिरून नेता येते, हे सिद्ध झाले. १ जुलै २०१३ रोजी गुगलने रीडर ही सेवा बंद केली. त्याच वर्षी अडोबीने जाहीर केले की नव्या आवृत्त्या आता कायमच्या विकत मिळणार नाहीत, भाडे भरा. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांचे कारण देऊन त्याच अडोबीने व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करण्याचे जाहीर केले. पुढे अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली आणि खाती वाचली. पण कल्पना करा, तिथल्या चित्रकाराने, पोस्टर बनवणाऱ्याने काय गुन्हा केला होता? दोन सरकारांचे भांडण आणि बंद होणार याचे दुकान.

यंत्रावर उतरवायच्या प्रोग्रामचेही रूप बदलले. आज अनेक ‘डेस्कटॉप अॅप’ म्हणजे आतून अख्खा ब्राउझर असतो, त्यावर वेबपान चिकटवलेले. कंपनीला एकदा लिहून सगळीकडे चालवता येते, तिची बचत होते. पण अशा प्रत्येक अॅपबरोबर एक ब्राउझर तुमच्या मेमरीत बसतो. नव्या कोऱ्या लॅपटॉपवाल्याला हे कळत नाही. सेकंडहँड, चार जीबीच्या लॅपटॉपवर अभ्यास करणाऱ्या पोराला कळते. त्याचा संगणक रडतो आणि त्याला वाटते आपला संगणक टाकाऊ आहे. संगणक टाकाऊ नसतो. कंपनीचा खर्च त्याच्या डोक्यावर टाकलेला असतो. यंत्राच्या स्वतःच्या भाषेत, त्याच्याच खिडक्या-बटणांनी लिहिलेला नेटिव्ह प्रोग्राम जुन्या यंत्रावर धावतो. म्हणून नेटिव्ह सॉफ्टवेअर हा हौशी लोकांचा विषय नाही. तो ऐपतीचा, म्हणजे समतेचा विषय आहे.

२०१९ मध्ये मार्टिन क्लेपमन आणि इंक अँड स्विच या संशोधन गटातल्या त्याच्या साथीदारांनी या सगळ्याला नाव दिले: लोकल-फर्स्ट. मूळ प्रत तुमच्या यंत्रावर, सर्व्हर असलाच तर मदतनीस. इंटरनेट नसतानाही काम व्हावे, दुसऱ्या यंत्राशी जुळावे, चार जणांना मिळून लिहिता यावे, माहिती खाजगी राहावी, वर्षानुवर्षे टिकावी आणि अखेरची मालकी वापरणाऱ्याची असावी. दोन माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणी एकच कागद बदलला तर दोन्ही बदल सर्व्हरशिवाय नीट जुळवता येतात, याचे गणित २०११ मध्येच मांडले गेले होते. म्हणजे ‘एकत्र काम करायचे तर क्लाउड लागतोच’ हे म्हणणे पूर्ण खरे नाही.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप: आपल्या यंत्रावर ठेवले आणि यंत्र चोरीला गेले तर? खरे आहे. मग दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा, तिसरी कुठेही ठेवा. क्लाउडवर प्रत ठेवायलाही माझी ना नाही. मूळ प्रत तिथे ठेवायला ना आहे.

दुसरा आक्षेप: एकटा माणूस थकतो. हाही खरा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये कुणीतरी चोरदार बसवल्याचे उघड झाले. तो प्रोग्राम वर्षानुवर्षे एकच माणूस, फुकट, सांभाळत होता. तो थकला होता, त्याच्यावर दबाव आणला गेला आणि मदतीच्या नावाखाली एक जण आत शिरला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आली म्हणून हे सापडले. जगातल्या श्रीमंत कंपन्या त्या प्रोग्रामवर उभ्या होत्या. त्यातल्या कुणी त्या माणसाची विचारपूस केली होती? फुकट राबणाऱ्याच्या श्रमावर इमले बांधायचे आणि तो कोसळला की त्यालाच दोष द्यायचा, ही पद्धत आपल्या चांगली ओळखीची आहे. म्हणून एकट्याने काम करणाऱ्याला पैसे द्या. पन्नास द्या, शंभर द्या, पण द्या. १९८२ च्या २५ डॉलरचा अर्थ हाच होता.

तिसरा आक्षेप: आपल्या पोरांना हे जमणार आहे का? याचे उत्तर मी वाचनालयाच्या सीडीपाशीच देतो.

आमच्यातल्या एका पोराने, जो दिवसा एका दुकानात बिले करतो, ती फाइल हाती घेतली. त्याच काळात छापलेले एक पान वाचनालयात सापडले. पान समोर ठेवून त्याने कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर, याचा तक्ता वहीत मांडला. मग अडचणी आल्या. त्या जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण ती उच्चारली जाते नंतर. रफार नेमका उलटा. अर्ध्या अक्षरांची वेगळीच तऱ्हा. चार रविवार गेले. छोटासा प्रोग्राम तयार झाला. इंटरनेट लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर चालतो, एका बाजूने चिवडा टाकला की दुसऱ्या बाजूने मराठी येते. काही जोडाक्षरे अजून चुकतात, ती हाताने दुरुस्त करावी लागतात.

पहिली ओळ वाचता आली तेव्हा त्या आजीचा नातू शेजारी बसला होता. आजी सांगत होती की नळ आला त्या दिवशी तिने हंडा भरला आणि ओतून दिला, पुन्हा भरला आणि पुन्हा ओतून दिला, खरेच येतंय का ते बघायला.

त्या पोराने प्रोग्राम, त्याचा कोड आणि वहीतला तक्ता, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहे आणि ते फोल्डर पाच जणांच्या यंत्रांवर आहे. मजकूर साध्या युनिकोड फाइलमध्ये आहे. त्याला मी या लेखातला कॅट्झ किंवा मेहदी सांगितलेला नाही. त्याने स्वतःच असे केले, कारण एकदा चटका बसलेला होता.

तेव्हा संघटनेची यादी, वाचनालयाची नोंद, सभेचे इतिवृत्त, म्हाताऱ्यांच्या आठवणी, यातले काहीही संगणकात टाकण्याआधी त्या तीन कसोट्या लावा. फाइल आपल्या यंत्रावर आहे का? दुसरा प्रोग्राम ती उघडू शकतो का? कंपनी उद्या नसेल तर चालेल का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर आजच रात्री त्याची एक प्रत साध्या मजकुरात काढून ठेवा. आणि ज्यांना कोड लिहिता येतो त्यांनी नोकरीसाठी शिकलेल्या त्या विद्येतले चार रविवार आपल्या वस्तीच्या कागदांना द्यावेत.